लाकडी शाळेचे वारस

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतांकडेला, रानवेलींत अर्ध्या बुडालेल्या काही लाकडी शाळा अजून दिसतात. विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली फळ्यांची जमीन, वर पत्रा आणि भिंतीच्या एकाच बाजूला ओळीनं उंच खिडक्या. 1912 ते 1932 या काळात पंधरा राज्यांत अशा 4,977 शाळा उभ्या राहिल्या, सगळ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी. शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा धरल्या तर इमारती 5,357 होतात. त्यांना रोझेनवाल्ड शाळा म्हणतात. आज त्यांतला जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे.

माझा भाऊ वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करतो आणि व्हर्जिनियात राहतो. सध्या अशाच एका दोनखोली शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या समितीबरोबर तो काम करतोय. आमची आत्या साताऱ्याकडची. रयत शिक्षण संस्थेत शिकली, तिथंच शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तो सुट्टीवर आला आणि त्या शाळेचे फोटो दाखवू लागला, तेव्हा या दोघांची जी जुंपली, ती इथं मांडते. दोघांनाही शाळा हा विषय जिवापाड प्रिय आहे, म्हणूनच वाद इतका लांबला.

आत्या – मला आधी हे सांग, ही शाळा निराळी का बांधावी लागली? गोऱ्यांच्या शाळेत या पोरांना पाय ठेवू देत नव्हते म्हणूनच ना? मग ती अपमानाची खूण झाली. आपल्याकडं वेगळे पाणवठे होते. ते काय रंग देऊन जपायचे?

भाचा – पाणवठा लादलेला होता, आत्या. ही शाळा कुणी लादली नव्हती. सरकारी मेहेरबानी म्हणजे चर्चमागची अंधारी खोली आणि गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली पुस्तकं, एवढीच. ‘याहून चांगलं आमच्या मुलांना मिळालंच पाहिजे’ असं म्हणून लोकांनी जे स्वतः उभं केलं, ते हे.

आत्या – स्वतः कसलं? नाव तर शेठजींचं आहे.

भाचा – नाव ज्युलियस रोझेनवाल्डचं आहे, हे खरं. सीअर्स रोबक कंपनीचा प्रमुख, शिकागोचा. 1912 मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला त्यानं कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टनच्या हाती 25,000 डॉलर दिले. त्यातले 2,800 उरले, तेव्हा वॉशिंग्टननी विचारलं, यातून अलाबामात सहा लहान शाळा बांधू का? तिथून सुरुवात झाली. अट अशी होती की गावानं आपला वाटा उचलायचा आणि पुढं शाळा सरकारी व्यवस्थेत चालायची. आता शेवटचा हिशेब ऐक. सगळ्या इमारतींना मिळून सुमारे 2 कोटी 84 लाख डॉलर लागले. रोझेनवाल्डच्या निधीतून आले साधारण 43 लाख. कृष्णवर्णीय लोकांनी रोख, जमीन, लाकूड आणि मजुरी मिळून घातले 47 लाख. बाकीचा मोठा भाग कराच्या पैशांतला.

आत्या – आणि कर तेही भरत होतेच.

भाचा – भरत होतेच. म्हणजे एकाच शाळेचे पैसे त्यांनी दोनदा दिले. कुळानं शेत करणारी माणसं होती ती. काही ठिकाणी एकराचा तुकडा राखून त्यातला कापूस शाळेच्या नावानं विकायचे. बायका कोंबडी, मासे, केक करून विकायच्या. अलाबामातल्या एका सभेची नोंद आहे. गुलामीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला, तेलकट पिशवीतून जन्माची शिल्लक टेबलावर ओतली. 38 डॉलर भरले. आपल्या नातवंडांच्या लेकरांसाठी, म्हणाला.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. रयतच्या कर्मवीरांच्या वसतिगृहांसाठी बायाबापड्या मूठ मूठ धान्य वेगळं काढत, हे तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं आहे. पण ऐकून विरघळेल अशी ती नाही.

आत्या – हे मोठेपण माणसांचं झालं. लाकडाचं कुठं आलं त्यात? त्या म्हाताऱ्याच्या नावानं शिष्यवृत्ती काढा. त्याच्या पणतवंडांची आजची शाळा कशी आहे ते बघा. त्यानं पैसे कशासाठी दिले होते? पोरं शिकावीत म्हणून. फळ्या शंभर वर्षं टिकाव्यात म्हणून नाही.

भाचा – शिष्यवृत्ती द्यावीच. पण पुराव्याचं काय? ही माणसं शिक्षणाबाबत उदासीन होती, असं त्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं. कागदोपत्री त्यांच्या हाती फार थोडं आहे. मतदानाला बंदी, वर्तमानपत्रांत नाव नाही, शाळा बंद झाल्यावर हजेरीपटसुद्धा फेकून दिलेले. उरलंय ते हे लाकूड. ज्या तुळईवर वाकसाचे ओबडधोबड घाव दिसतात ती गावातल्या कुणीतरी तासलीय. ती काढून नवं सिमेंटचं स्मारक बांधलं की ‘लोकांनी बांधली’ हे फक्त पाटीवर उरतं.

आत्या – तू पुण्यातल्या भिडे वाड्याकडं येणार, माहीत आहे मला.

भाचा – येणारच. 1848 ची मुलींची शाळा. डिसेंबर 2023 मध्ये पाडला वाडा.

आत्या – पाडला, आणि मला बरं वाटलं. नीट ऐक. बुधवार पेठेत त्या वाड्यासमोरून मी किती वर्षं गेलेय. खाली दुकानं, वर मोडकळलेली लाकडं. सावित्रीबाई इथं शिकवायच्या असं कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तोवर उरलं काय होतं? राष्ट्रीय स्मारक होणार, मुली तिथं येणार, मोठ्या अक्षरांत नाव वाचणार. ज्यांना सगळा जन्म पडक्या जागा मिळाल्या, त्यांच्या नावानं तरी भव्य काही उभं राहू दे की. पडझडीचं कौतुक तुम्हा शिकलेल्यांना. आम्हाला पडझड पुरेशी झालीय.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. संवर्धनाच्या चर्चेत ते फारसं ऐकू येत नाही, कारण ते म्हणणारी माणसं त्या बैठकीला नसतात. राजवाड्याची भिंत जपताना कुणाचा अपमान होत नाही. गरिबाची भिंत जपताना, ‘आम्ही असेच दिसावं अशी तुमची इच्छा आहे का’, हा प्रश्न उभा राहतोच.

भाचा – भव्य हवं हे मान्य. पण या शाळा पडक्या म्हणून बांधल्या नव्हत्या, हेच मला तुला दाखवायचंय. हा आराखडा बघ. पहिल्या शाळांचे आराखडे वॉशिंग्टनच्या टस्कीगी संस्थेत तयार झाले, रॉबर्ट टेलरच्या देखरेखीखाली. टेलर 1892 मध्ये एमआयटीतून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. तिथून पदवी घेतलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस. तो अलाबामात टस्कीगीला आला आणि विद्यार्थ्यांनी भाजलेल्या विटांतून त्या संस्थेच्या अनेक इमारती उभारल्या. 1915 मध्ये टस्कीगीनं ग्रामीण शाळांचे आराखडे पुस्तिकेत छापले, कुठल्याही गावच्या सुताराला कळतील असे.

आत्या – शेठजींची कंपनी तर टपालानं अख्खी घरंच्या घरं विकायची ना? मग तयार सांगाडेच का नाही पाठवले?

भाचा – तशी कल्पना त्यानं मांडली होती. वॉशिंग्टननी नको म्हटलं. लाकूड गावचं, हात गावचे, तरच शाळा गावची होईल, हा त्यांचा विचार.

आत्या – शहाणा माणूस.

भाचा – आता खिडक्या बघ. वीज नव्हती, दिवसाच्या उजेडावर शिकायचं. म्हणून खिडक्या सुट्या न ठेवता एका ओळीत जोडून घेतल्या, जवळजवळ छतापर्यंत. बाकं अशी मांडायची की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून वहीवर पडावा.

आत्या – म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

भाचा – बरोबर. पुढं 1920 पासून निधीचा कारभार टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेला, तेव्हा एकाच शाळेचे दोन आराखडे निघाले. जागेचं तोंड उत्तर-दक्षिण असेल तर एक, पूर्व-पश्चिम असेल तर दुसरा. वर्गांत उजेड मात्र पूर्व-पश्चिमेकडूनच यावा. दोन वर्गांच्या मधली भिंत सरकती, म्हणजे सभेच्या दिवशी एकच दालन. आतल्या भिंतींना खाली गडद रंग, मुलांचे हात लागतात म्हणून, आणि वर फिकट, उजेड परतावा म्हणून. निदान दोन एकर जागा असावी असा आग्रह. जे सरकार या मुलांना चर्चमागची खोली देत होतं, त्याच्या नाकावर टिच्चून कुणीतरी त्यांच्या डोळ्यांचा एवढा बारीक विचार केला होता. ही खिडकी बुजली की तो विचार दिसत नाही. नागरी हक्कांचे नेते जॉन लुईस अशाच शाळेत शिकले. कवयित्री माया अँजेलोसुद्धा.

इथं मला थांबून सांगावंसं वाटतं, की आत्या हरली ती इथं. म्हणजे शाळा जपावी की नाही, या मुद्द्यावर. खिडकीचा आराखडा तिनं हातात धरून ठेवला होता. पंचवीस-तीस वर्षं पत्र्याखालच्या वर्गात फळ्यावर चकाकी मारते म्हणून मुलांना जागा बदलायला लावणाऱ्या बाईला डाव्या खांद्यावरचा उजेड समजावून सांगावा लागत नाही. पण तिचा खरा हल्ला त्यानंतर सुरू झाला, आणि त्यात माझ्या भावाला धाप लागली.

आत्या – बरं, जपायचं. कुठल्या सालची शाळा जपणार?

भाचा – आमच्याकडं त्याला ठरलेली पद्धत आहे. इमारत कोणत्या काळासाठी महत्त्वाची ते आधी ठरवायचं. ऐतिहासिक ठिकाणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव घालायचं तर सात गोष्टी तपासतात. जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, त्या जागी येणारी भावना आणि माणसांशी असलेला संबंध. यातलं पुरेसं टिकलेलं असलं पाहिजे.

आत्या – आणि तुझ्या शाळेत काय टिकलंय?

भाचा – पूर्वेच्या चार खिडक्या बुजवलेल्या. मूळच्या छताखाली पुठ्ठ्याचं खोटं छत. मागं स्वयंपाकघर म्हणून जोडलेली खोली, भलत्याच मापाची. बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या. मूळ नियमानं बघितलं तर बरंच बिघडलंय.

आत्या – बिघडलंय कुणाच्या हिशेबानं? ते स्वयंपाकघर कुणी बांधलं?

भाचा – पालकांनी, 1950 च्या सुमाराला. समितीतल्या एका आजींची आई तिथं जेवण करायची.

आत्या – मग टेलरच्या आराखड्यातली खिडकी लोकांची आणि आईनं चूल मांडली ती खोली ‘बिघाड’? अरे, गावानं शाळा एकदा बांधली आणि हात झटकले असं होत नाही. पोरं उपाशी येतात हे दिसलं, म्हणून खोली जोडली. हिवाळ्यात वारा येतो, सरकार काच बदलून देत नाही, म्हणून खिडकी बुजवली. प्रत्येक जोडकामामागं सरकारनं न दिलेलं काहीतरी आहे. तुझ्या सात गोष्टींत हे कुठं बसतं? श्रीमंताची इमारत जशीच्या तशी राहते, कारण तिची निगा ठेवायला पैसा असतो. गरिबाची ठिगळानं जगते. मग तिला शुद्ध नाही म्हणून नापास करणार?

भाचा – हा आक्षेप अमेरिकेत बरेच जण घेतात, आणि तो रास्त आहे. कृष्णवर्णीयांची कितीतरी ठिकाणं याच कसोटीवर मागं पडली. पण नियम तेवढे आंधळे नाहीत. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पुनर्वापराच्या दहा निकषांतला चौथा सांगतो, नंतरच्या ज्या बदलांना स्वतःचं महत्त्व आलंय, ते राखावेत.

आत्या – आणि महत्त्व आलंय की नाही, हे ठरवायचं कुणी?

भाचा – तिथंच माझं काम सुरू होतं. मोजमापं घेण्याआधी आम्ही माणसं बोलावली. ज्यांना बसता येईल त्यांना त्यांच्या त्यांच्या जागी बसवलं. शेगडी कुठं होती, सरपण कोण आणायचं, शिक्षा झाली की कुठल्या कोपऱ्यात उभं करायचे, हे सगळं नकाशावर टिपलं. रंगाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तेव्हा कळलं की एका थरानंतर रंग बदललाय. तो कधी, हे आजींनी सांगितलं. स्वयंपाकघर राहतंय. प्लास्टिकच्या पट्ट्या निघणार, कारण त्यांच्याशी कुणाची आठवण जोडलेली नाही आणि त्यांच्यामागं ओल धरून लाकूड कुजतंय.

आत्या – खिडक्या?

भाचा – त्यावर भांडण झालं. समितीतल्या बायकांना नव्या खिडक्या हव्या होत्या, कारखान्यात तयार झालेल्या, पुसायला सोप्या. मी नाही म्हटलं.

आत्या – तू कोण नाही म्हणणारा?

भाचा – ऐकून तरी घे. जुन्या चौकटी त्या भागातल्या लाँगलीफ पाइनच्या आहेत. दाट रेषेचं, राळेनं भरलेलं लाकूड. ती जंगलं तुटली, तसं लाकूड आता बहुतेक जुन्या इमारतींतच मिळतं. कुजलेला तेवढा भाग कापून त्याच मापाचा, त्याच जातीचा तुकडा बसवता येतो, आणि चौकट आणखी शंभर वर्षं जाते. नवी प्लास्टिकची खिडकी वीस-पंचवीस वर्षांत फेकावी लागते, दुरुस्त होत नाही. मग आतून जादा काच बसवायची ठरली, थंडी अडवायला. वातानुकूलन येतंय, पण यंत्र मागं, स्वयंपाकघराच्या आडोशाला. उतरता रस्ता येतोय, चाकाच्या खुर्चीसाठी. त्यासाठी पुढची पायरी मात्र तोडायची नाही, असा आजींचाच हट्ट. पायरीवर बसून फोटो काढलेत त्यांनी.

आत्या – म्हणजे काही ठिकाणी तू नमलास, काही ठिकाणी त्या. असं असेल तर चालेल. पण लाकडाची जात ठाऊक आहे म्हणून अधिकार तुझा होत नाही, एवढं ध्यानात ठेव. तू भाड्यानं घेतलेला जाणकार आहेस. वारस त्या आहेत.

भाचा – वारस त्या आहेत, पण सगळे वारस एकमताचे नसतात. काहींना तिथं पाऊलसुद्धा टाकायचं नव्हतं. ब्राऊन खटल्याचा निकाल 1954 चा, विभक्त शाळा बेकायदा. आपण म्हणतो, जिंकले. प्रत्यक्षात पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बंद पडल्या त्या यांच्याच शाळा. मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठवलं, शिक्षकांना नाही. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. शाळा लिलावात गेली, धान्याचं कोठार झाली.

आत्या – मुख्याध्यापकांच्याही?

भाचा – त्यांच्या तर आधी.

आत्या यावर बराच वेळ बोलली नाही. पट कमी झाला म्हणून शाळा बंद करण्याच्या आपल्याकडच्या चर्चा तिला ठाऊक आहेत; समतेच्या नावाखाली शाळा जाणं हे तिच्यासाठी नवं होतं. आणि मला वाटतं, याच कारणानं हे संवर्धन इतर वारशापेक्षा वेगळं पडतं. या माणसांना वेगळेपण परत नको आहे. त्यांना शिकवणाऱ्या, त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईंची जागा कुठं होती, ते दाखवायचं आहे. त्या बाई कुठल्याही दुसऱ्या इमारतीत गेल्याच नाहीत.

आत्या – जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण कुणाला केली, ठाऊक आहे ना? अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना सोडवायला कष्ट घेतले, त्यांना. मला कायम वाटायचं, गोष्ट तिथं संपली. सुटले. तू सांगतोस त्यावरून गोष्ट तिथून सुरू झालेली दिसते.

भाचा – आणि तो शेठजी, वॉशिंग्टन, टेलर यांच्यापेक्षा ती या गावांनी जास्त पुढं नेली. वाचवण्याचंही तसंच. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं 2002 मध्ये या शाळांना देशातल्या सर्वांत धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत घातलं. 2017 मध्ये कृष्णवर्णीय वारशासाठी वेगळा निधी उभा केला. पण त्याच्याआधीपासून माजी विद्यार्थी छपरावर ताडपत्र्या टाकत होते. जॉर्जियातली नोबल हिल शाळा 1989 मध्येच संग्रहालय झाली, तिथल्याच माणसांच्या धडपडीनं. व्हर्जिनियातल्या स्क्रॅबल शाळेत आज ज्येष्ठ नागरिकांचं केंद्र आहे आणि वारसा केंद्रही.

आत्या – तसलं आवडेल मला. माणसं येतात, चहा पितात, भिंती आपोआप सांभाळल्या जातात. नुसतं संग्रहालय केलंस तर उद्घाटनाला गर्दी, पुढं कुलूप.

भाचा – समितीचंही तेच मत पडलं. दोन खोल्या आहेत. माझं म्हणणं होतं, दोन्ही वर्ग 1920 च्या दशकात होते तसे करू, सरकत्या भिंतीसकट. त्यांनी मत घेतलं. एक वर्ग तसाच राखायचा, बाकं, फळा, रंग सगळं. दुसऱ्यात दुपारचं जेवण, शाळेच्या मुलांना अभ्यासाची मदत आणि बैठका. सरकती भिंत दुरुस्त करायची, ती मात्र चालती.

आत्या – राखायचा तो वर्ग कुठला धरला? लहान पोरांचा की मोठ्यांचा?

भाचा – लहानांचा.

आत्या – त्याच्या खिडक्या शाबूत होत्या म्हणून. म्हणजे तुझंच चाललं.

भाचा – नाही गं. पहिल्यांदा अक्षर तिथं गिरवलं, म्हणून त्यांनी तो निवडला. खिडक्या बुजलेल्या आहेत त्या त्याच वर्गाच्या. चारही नव्यानं उघडायच्या आहेत, आणि अंदाजपत्रक त्यामुळंच वाढलंय.

आत्या – मग पैसे कमी पडले तर जेवणाच्या खोलीतले कापू नकोस.

भाचा – आणि खिडक्यांतलेही नाही.

आत्या – ते तू बघ. गावातल्या दोन पोरांना तुझ्या सुताराच्या हाताखाली घे, रोजानं. चौकटी दुरुस्त करायला शिकतील. पुढच्या वेळी तुला बोलवावं लागणार नाही.